पाच दुकानांचं माप

अडत्यांच्या मंडळाच्या अध्यक्षाने सरांना फसवलं. मलाही फसवलं, पण नंतर आणि सरांच्या मार्फत. पांढुर्ण्यात ही गोष्ट उलटी सांगितली जाते. चहाच्या टपरीवर कोणालाही विचारा, तो सांगेल की सरांनी फळ्यावर खोटं लिहिलं, त्यामुळे संत्र्याच्या तोडणीच्या बाया बुडाल्या आणि मी बुडालो. बुडालेला माणूस मी आहे. कोणी बुडवलं हे टपरीपेक्षा मला जास्त माहीत आहे, म्हणून लिहितो.

सर माझे घरमालक. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या घराची पुढची खोली आणि बाजूचा टिनाचा शेड मी संत्र्याच्या क्रेटसाठी भाड्याने घेतला. मी आठवीपर्यंत शिकलेलो. क्रेट उचलण्यापासून सुरुवात केली, मग दुसऱ्यांच्या बागांची तोडणी करून देऊ लागलो, मग झाडावरचा माल स्वतः विकत घेऊ लागलो. मला कोणी काही दिलं नाही. जे मिळवलं ते भाव करून मिळवलं. तेव्हा खोली पाहायला गेलो तो कंबर कसूनच.

"भाडं किती?" मी विचारलं.

"या महिन्यात अठराशे."

"आन् पुढच्या महिन्यात?"

"ते मले काय माहीत? पुढचा महिना आला का मोजू."

मला वाटलं म्हातारा मला खेळवतो आहे. मी पंधराशे म्हटलं. सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, "तू थर्मामीटरशी भाव करतं का बे? एकशेदोन ताप हाय, शंभर लाव, असं म्हणतं का त्याले?"

त्यांची पद्धत अशी होती. गावात पैसा सैल असेल त्या महिन्यात भाडं अठराशे किंवा दोन हजार. पैसा आवळला की चौदाशे, एकदा तर अकराशे. भाडं मी ठरवत नाही, गाव ठरवते, असं ते म्हणत. मी वर्षभर लिहून ठेवलं, कारण असल्या सज्जनपणात कुठेतरी खोट असते असा माझा अनुभव. वर्षाअखेर हिशेब केला तेव्हा कळलं की ठरावीक भाड्याने घेतली असती तर मला जास्त पडली असती. त्या दिवसापासून मी या माणसावर विश्वास ठेवला. माझ्या आयुष्यात असे लोक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि एखादं बोट उरतंही.

गावात पैसा किती आहे, हे मोजणं हा सरांचा उद्योग होता. घराच्या ओट्यावर कॉलेजातून टाकून दिलेला एक फळा टेकवून ठेवलेला असे. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ते त्यावर तीनपैकी एक शब्द लिहीत. सैल. बरा. आवळ. दुसरं काही नाही. सुरुवातीला लोक हसले. मग कापसाचे दलाल येता-जाता मान वळवून पाहू लागले. मग लग्नाची खरेदी, बैलांचा सौदा, उधारीचा वायदा, सगळं लोक फळा पाहून ठरवू लागले.

मी एकदा विचारलं, "सर, देशाचा पैसा मोजाले मुंबईत एवढी मोठी बँक बसली हाय. तुम्ही कायले उन्हात फिरता?"

"ते दर पंधरवड्याले मोजते. बरोबर मोजते," सर म्हणाले. "पण त्याच्यात पांढुर्णा कुठं दिसते ते दाखव मले. देशात पैसा वाढला म्हणून तुह्या खिशात आला का?"

देशाचा पैसा कसा मोजतात हे त्यांनी मला लोटा, रांजण आणि विहीर एवढ्यात समजावलं. हातातली नोट म्हणजे लोट्यातलं पाणी. खात्यातला, हवा तेव्हा काढता येणारा पैसा म्हणजे रांजणातलं. मुदतठेव म्हणजे विहिरीतलं. लोटा आणि रांजण मिळून लहान हिशेब, विहीर धरली की मोठा. "दोन्ही खरेच हाय," ते म्हणत, "पण जेवताना ठसका लागला त विहीर काय कामाची?"

"मंग पर्ची कायच्यात धरायची?" मी विचारलं.

पर्ची म्हणजे आमच्या अडतीवरची चिठ्ठी. तोडणीच्या हंगामात सुट्या नोटांची नेहमी टंचाई, बँकेचा सर्व्हर अर्धा वेळ झोपलेला, आणि बऱ्याच बायांकडे साधा फोन. तेव्हा अडत्या शिक्का मारलेल्या शंभरच्या, दोनशेच्या चिठ्ठ्या देतो. पुढच्या बाजाराला अडतीवर दाखवली की रोकड मिळते. मधल्या काळात किराणावाला घेतो, चक्कीवाला घेतो, कपडेवालाही घेतो.

तिसऱ्या दिवशी मी क्रेट मोजत असताना सर उत्तर घेऊन शेडात आले आणि म्हणाले, "पर्ची म्हंजे शेजाऱ्याच्या लोट्यातलं पाणी. तो देते तोवर आपलं."

हे वाक्य मी तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं.

दुसरा त्यांचा छंद म्हणजे माणसाची श्रीमंती दिवसांत मोजणं. तुमच्याकडे जे काही आहे ते पडेल भावाने न विकता रोख करायला किती दिवस लागतील, तेवढ्या दिवसांचे तुम्ही. संत्र्याचा माल चार दिवसांचा, कापूस पंधरा, बायकोचं सोनं एका दिवसाचं पण घट कापून. सौंसरच्या एका लग्नात एक गृहस्थ बायपासवरच्या आपल्या प्लॉटची किंमत सगळ्या पंगतीला ऐकवत होते. सरांनी पोळी मोडता मोडता विचारलं, "किती दिवसाचा हाय?" त्यांना समजलं नाही. सर म्हणाले, "आज रात्री दवाखान्यात जा लागलं त प्लॉटचा कोणता कोपरा घेऊन जासान?" गृहस्थ ताटावरून उठले. मुलीकडच्यांनी माझ्यावर डोळे वटारले, जणू सरांना मीच शिकवून आणलं होतं.

आणि ती दहाची नोट. मधोमध फाटलेली आणि चिकटपट्टी लावलेली एक नोट सरांनी मला सुट्यांत दिली. अकराव्या दिवशी न्हाव्याने तीच त्यांना परत दिली. नंबर त्यांनी टिपून ठेवलेला होताच. नोटेवर पेनाने खूण करणाऱ्यांचा त्यांना फार राग. सर अर्ध्या दाढीने उठून माझ्याकडे आले. गालावर फेस तसाच.

"तू ही कोणाले देल्ली होती?"

"भजेवाल्याले असन."

सर भजेवाल्याकडे गेले, तिथून भाजीवालीकडे, तिथून पुढे. दोन दिवस घालवून त्यांनी सगळे हात शोधून काढले. सात निघाले. त्या दिवशी ते इतके खूश होते की त्यांनी मला स्वतः चहा करून पाजला. "सात हात! दहाची नोट, पण सत्तर रुपयाचं काम केलं तिनं. तूच सांग, गावात पैसा दहा रुपये का सत्तर?"

आता मोजण्याची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी बरोबर बाराला सर सायकलवर निघत. कॉलेजच्या खेळाच्या खोलीतलं स्टॉपवॉच गळ्यात, खिशात पाचशेची एक नोट आणि अध्यक्षाच्या अडतीची शंभरची एक पर्ची, जी मी भाड्यात दिलेली असे. दुकानं पाच, ठरलेली, आणि क्रमही ठरलेला. किराणा, शिवणसामानवाला, चक्की, पानठेला, आणि जाम नदी ओलांडून सावरगावातला सायकलवाला. प्रत्येक ठिकाणी सर्वांत स्वस्त वस्तू घ्यायची, पाचशेची नोट पुढे करायची आणि सुटे यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. गल्ल्यातून निघाले, की शेजारी धाडावं लागलं, की "फोनवर पाठवा न सर" म्हणाला. मग पर्ची दाखवायची. "याचे किती देतं?" शंभरचे शंभर दिले तर पैसा सैल. अठ्ठ्याण्णव म्हणाला तर बरा. पंचाण्णवच्या खाली गेला की आवळ. फोनच्या पैशासाठी ते पानठेल्यासमोर दहा मिनिटं उभे राहून त्या बोलणाऱ्या डब्याने किती वेळा पैसे मिळाल्याचं सांगितलं ते मोजत. यामुळे त्यांच्या घरी काडेपेट्या, पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणि सायकलच्या व्हॉल्वच्या नळ्या यांचा इतका साठा होता की तीन खोके माझ्या शेडात ठेवावे लागले.

मी म्हणायचो, "सर, कधी दुसरं दुकान पाहा. कधी दोन वाजता जा."

"माप बदललं त मागच्या वर्षाशी जुळवू कसं?" ते म्हणत. "फुटपट्टी रोज नवी आणते का कोणी?"

यात सरांची चूक आहे, हे मी मान्य करतो. जो माणूस ठरलेल्या वेळी ठरलेल्या दुकानात जातो त्याला कोणीही गाठू शकतो. हे आठवी शिकलेल्या व्यापाऱ्याला कळतं, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला कळलं नाही.

आणि माझी चूक त्याहून मोठी. ती मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो. ही पाच दुकानं, तो क्रम, बाराची वेळ, हे सगळं अध्यक्षाला मीच सांगितलं. त्याच्या गादीवर बसून, त्याचा चहा पिऊन, माझा घरमालक किती हुशार आहे याची फुशारकी मारताना सांगितलं. अध्यक्ष फार लक्ष देऊन ऐकत होता. मला वाटलं, माझ्या बोलण्याला वजन आलं.

मागच्या वर्षी आंबिया बहाराच्या संत्र्याच्या तोडणीत अध्यक्षाचे बाहेरगावचे पैसे अडकले होते. हे आम्हाला मागाहून कळलं. त्याला माल हवा होता आणि रोकड नव्हती. माझ्याकडे दोन मोठ्या बागांचा माल होता. मी नेहमीसारखं सांगितलं, रोकडीशिवाय गाडी भरणार नाही.

"पर्च्या घे न," अध्यक्ष म्हणाला. "गावात पर्ची नोटेवानी चालून राहिली. माह्यावर नको ठेवू विश्वास. तुह्या सरच्या फळ्यावर ठेव."

फळ्यावर त्या बाजाराला 'सैल' होतं. मी पुढच्या बाजारापर्यंत थांबलो. पुन्हा 'सैल'. तोडणीच्या हंगामात, सगळ्यांना मजुरी द्यायची असताना, पैसा सैल? मी सरांना विचारलं. ते ओट्यावर खडू हातात घेऊन बसले होते.

"सैल हाय," ते म्हणाले, "पण कुठून आला ते समजून नाही राहिलं. चक्कीवाल्यानं माह्याकडे न पाहताच सुटे काढून देल्ले."

"मंग लिहू नका."

"मले वाटते ते लिहाले मी जोतिषी हाय का? जे मोजलं ते लिहीन."

मी सहा गाड्या माल पर्च्यांवर दिला. त्याच पर्च्यांतून तोडणीच्या बायांची तीन आठवड्यांची साठलेली मजुरी दिली. पंचफुलाबाई ही त्यांची मुकादम, वीस वर्षं माझ्याकडे, माझ्याहून तिखट जिभेची. तिने पर्ची उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "भाऊ, हे चालते न?"

"फळा पाहा," मी म्हणालो. हे माझे शब्द.

पुढच्याच बाजाराला अध्यक्षाच्या अडतीची खिडकी उघडली नाही. अध्यक्षाचा मुनीम म्हणाला, पुढच्या महिन्यात या. दुपारपर्यंत किराणावाला शंभराच्या पर्चीला ऐंशी म्हणू लागला, पुढच्या दिवशी साठ, मग हातच लावेना. पंचफुलाबाई सतरा बाया घेऊन आली. आधी माझ्या शेडात आली, पण माझ्याजवळही पर्च्यांचे गठ्ठेच होते. मग सगळ्या दहा पावलं चालून सरांच्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या.

"सरजी, तुम्ही लिवलं होतं सैल," पंचफुलाबाई म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आम्हाले वाचता नाही येत. पोराहीकडून वाचून घेतलं. आता पोराची फी भराची त दुकानदार पर्ची मोडून देऊन नाही राहिला. काय करावं?"

सरांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "परवा दुपारी या. पर्च्या आणजा सगळ्या. एकही विकजा नका."

मला वाटलं ते अध्यक्षाकडे जातील. ते बँकेत गेले. आपली मुदतठेव मुदतीआधीच मोडली. बँकेने व्याज कापलं ते कापलं. ठरल्या दुपारी ओट्यावर बसून त्यांनी प्रत्येक बाईची प्रत्येक पर्ची शंभराला शंभर देऊन घेतली. मी समोर उभा राहून ओरडत होतो. "सर, हे तुमचं देणं नाही. तुम्ही कायले भरून राहिले?" मला राग आला की माझा आवाज नदीपलीकडे जातो असं लोक म्हणतात. त्या दिवशी गेला असेल.

"माल तू देल्ला, पर्ची त्यानं देल्ली," सर नोटा मोजता मोजता म्हणाले, "आन् भरवसा मी देल्ला. माहा वाटा मी भरून राहिलो."

"मंग निम्मे मी देतो."

"तू फसला, मी चुकलो. दोन्हीचा हिसाब एका वहीत नको लिहू."

बाया गेल्यावर त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि आत नेऊन ठेवला. तीन महिन्यांनी अध्यक्षाने शंभराच्या पर्चीचे सत्तर दिले आणि मंडळात टाळ्या घेतल्या, की बघा, बुडवलं नाही. माझी एका हंगामाची कमाई गेली. ती मी परत मिळवीन, त्याची मला शंका नाही. यंदा अर्धी मिळवलीही. मी क्रेट उचलून सुरुवात केलेला माणूस आहे.

फसवणूक कशी झाली ते चक्कीवाल्याने सांगितलं. मी त्याच्याकडे दळण घ्यायला गेलो आणि सरांवरून तो काहीतरी हलकं बोलला. मी त्याची कॉलर धरली. तेव्हा म्हणाला, "सोडा न भाऊ. त्या दोन बाजाराले मुनीम सकाळी थैली देऊन गेल्ता. म्हणे सर आले का सुटे लगेच काढजा, पर्ची पूर्ण भावानं घेजा. पाचही दुकानात देल्ली. तीन वाजता येऊन थैली वापस घेऊन गेला."

"आन् तू घेतली?"

"मले काय माहीत कायले ते? अध्यक्ष हाय ते. मले वाटलं सरचा सत्कार-गित्कार हाय."

पाच दुकानं, दोन दुपारी, तीन तास. एवढ्यात साऱ्या गावाचा पैसा सैल झाला. मी तसाच अध्यक्षाच्या गादीवर गेलो. त्याने नाकारलंही नाही.

"दुकानात रोकड ठेवणं गुन्हा हाय का?" तो म्हणाला. "मी सरले म्हटलं होतं का फळ्यावर लिहा म्हणून? आन् तू, तू त मलेच सारं सांगतलं."

त्याने चहा मागवला; या खेपेला मी तो न पिता उठलो.

सर आता सौंसरला मुलीकडे राहतात. घर मला विकलं, आणि विकतानाही भाव करू दिला नाही. मी महिन्याकाठी जाऊन येतो. चक्कीवाल्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते रागाने नाही, कुतूहलाने म्हणाले, "पाच दुकानाले मिळून किती रोकड लागली असन त्याले? फार नाही लागली. हे मी पोराहीले शिकवाले पायजे होतं." मी म्हणालो, "सर, पांढुर्ण्यात येऊन लोकाहीले हेच सांगा." ते म्हणाले, "मोजणाऱ्यानं आपली बाजू मांडली का लोक म्हणते आता हा विकाले निघाला."

"मंग मोजणंच सोडलं का?"

"मोजतो न. लिहीत नाही."

ते बोलणार नाहीत, म्हणून मी बोलतो. अध्यक्ष, मंडळाची सभा दिवाळीनंतर आहे. मीही सभासद आहे, वर्गणी भरलेली आहे, आणि त्या सभेला पंचफुलाबाई आणि तिच्या सतरा बाया दाराशी येऊन बसणार आहेत. माझ्या सहा गाड्यांचा हिशेब मी तुमच्याशी वेगळा करीन, तो इथे मागत नाही. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणाऱ्या भाजीवाल्याला वजनमापं तपासणाऱ्या नापतोल खात्याचा माणूस चौकात उभा करून दंड करतो. तुम्ही साऱ्या गावाच्या तराजूखाली थैली चिकटवली. ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या पाच दुकानांत ठेवली, हे तुम्ही उभं राहून, माइक हातात घेऊन, त्या बायांना ऐकू जाईल असं सांगायचं आहे. मी तुम्हाला काय सांगितलं होतं ते मी आधी सांगीन. त्यानंतर तुमची पाळी आहे. बोला, सरांचं माप खोटं होतं की तुम्ही?